दोन इंचांचा हिशेब

बैलगाडीच्या जमान्यातला 'उलार' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. गाडीत पोती रचताना मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की पुढचे जू वर उचलले जाई, बैलांच्या गळ्याला फास बसे आणि गाडीवान म्हणे, 'गाडी उलार झाली.' मग दोन पोती पुढे सरकवायची. ती फार पुढे सरकली तर सगळा भार बैलांच्या मानेवर. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायला कुठले यंत्र नव्हते. गाडीवान जू हाताने उचलून बघे, अंदाज घेई आणि निघे. समतोल साधायला पोते सरकवण्यापलीकडे खर्च नव्हता.

आज त्याच समतोलाला बाजारात खोक्यातून विकायला ठेवले आहे. त्याचे नाव 'लेव्हलिंग किट'. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, अशा डोंगरदऱ्यांत हिंडण्यासाठी घेतलेल्या गाड्यांचे नाक जरा खाली असल्यासारखे दिसते, ते वर उचलून गाडी मागूनपुढून एका रेषेत आणायची, एवढेच त्याचे काम. खोके उघडले तर आत फारसे काही नसते. ॲल्युमिनियमचे किंवा कडक पॉलियुरेथेनचे दोन जाड ठोकळे आणि थोडे लांब बोल्ट. ज्यांना तेवढेही द्यायचे नाहीत ते लेथवर नायलॉनचे ठोकळे कातून घेतात. नवे स्प्रिंग आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर यांचा चांगला संच घ्यायचा तर खर्च लाखाच्या घरात जातो. ठोकळ्यांचे काम काही हजारांत आणि अर्ध्या दिवसात होते. साहजिकच तरुण मुले ठोकळ्यांकडे वळतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा गैरसमज नको. माझा शौकाला विरोध नाही. माणसाने हौस करू नये तर काय करावे? स्वस्त वस्तूलाही विरोध नाही. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे स्वस्त आणि टाकाऊ यांतला फरक मला कळतो. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक, गाडी उंच करून देणारा आणि घेणारा दोघेही या व्यवहाराची एकच बाजू लिहितात. दुसरी, ज्या कायद्याने हातात मोजपट्टी घ्यायला हवी होती, त्याने या बाबतीत हात वर केले आहेत.

उतार कशासाठी?

मुळात कारखान्यातून निघताना गाडीचे नाक खाली का ठेवतात? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लेव्हलिंग किटचे मूळ घर अमेरिकेत आहे, तेव्हा तिथलेच उदाहरण घेऊ. तिकडे पिकअप ट्रक घरोघर असतो. मागच्या हौद्यात सामान टाकायचे, मागे बोट किंवा ट्रेलर जोडायचा, हे तिथले रोजचे काम. म्हणून कारखानदार रिकाम्या गाडीची शेपटी थोडी उंच ठेवतो. ओझे पडले की शेपटी बसते आणि गाडी सरळ होते. रिकामेपणी दिसणारा तो उतार ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा असतो.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो राखीव निधी आहे. ताळेबंदात एवढी मोठी रक्कम पडून आहे, ती वापरत का नाही, असे नवख्या माणसाला वाटते. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ती का ठेवली होती हे कळते. पुढचा भाग दोन इंच उचलून गाडी रिकामी असतानाच सरळ केली, तर सामान आणि पाच माणसे बसल्यावर तिचे नाक आकाशाकडे जाते. बैलगाडीवाल्याच्या शब्दांत, ती उलार होते. गंमत पाहा, समतोलासाठी पैसे मोजले आणि पदरात उलारपण आले.

पाटा टाकलेली जीप

आपल्याकडे हे काम अमेरिकेतून आले असे कुणी समजू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांनी 'वडाप'चा प्रवास केला आहे, त्यांनी देशी लेव्हलिंग किट पाहिले आहे, नव्हे, त्यावर बसून प्रवास केला आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात हिलाच 'काळीपिवळी' म्हणतात. परवाना नऊ-दहा माणसांचा आणि आत अठरा-वीस. शिवाय टपावर भाजीच्या पाट्या, एखादी सायकल, आणि मागच्या फळीवर लटकलेली तीन पोरे. एवढ्या ओझ्याने मागचे पाटे बसत. पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची ती एकावर एक रचलेली कमान. पाटे बसले की जीप उलार होई, स्टिअरिंग हलके लागे आणि चढावर पुढची चाके तरंगल्यासारखी वाटत. उपाय सोपा होता. पाटे उतरवायचे, त्यांना पुन्हा कमान द्यायची आणि मध्ये एक जास्तीचा पाटा टाकायचा.

ग्रामीण शाखेत असताना बँकेकडे नजरगहाण असलेल्या अशा जीपगाड्यांची पाहणी करायला मी जात असे. कागदावरचा चॅसी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, गाडी चालू स्थितीत आहे का, विम्याचा कागद जिवंत आहे का, एवढे बघायचे. त्या वेळी एक गोष्ट हमखास दिसे. दारात उभी असलेली रिकामी जीप मागून हातभर वर उचललेली, उडी मारायच्या तयारीत असलेल्या बेडकासारखी. एका कर्जदाराला मी त्याबद्दल विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, रिकामी बघू नका. भरली की सरळ होतीया."

त्या माणसाच्या गाडीत माणसे नियमापेक्षा दुप्पट होती आणि त्याचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. मात्र समतोलाची व्याख्या त्याला अचूक ठाऊक होती. गाडी सरळ आहे की नाही हे ती भरल्यावर ठरते. त्याने मोजलेला प्रत्येक पैसा ओझ्यासाठी होता. रिकाम्या परतीच्या फेरीत ती जीप दगडासारखी आदळे आणि कंबरेचा काटा ढिला होई, हेही त्याला माहीत होते. तो दोन्ही बाजू जाणून होता आणि एक निवडत होता.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने नव्या गाडीला ठोकळे बसवले तेव्हा मी त्यालाही हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काका, पुढून बसल्यासारखी दिसत होती हो. आता बघा कशी उभी आहे!" खरेच छान उभी होती. पण ती उभी असतानाच छान होती, आणि गाडी काही उभी राहण्यासाठी घेत नाहीत.

जमा आणि नावे

दुहेरी नोंदीच्या पद्धतीत एक सुंदर शिस्त आहे. कुठल्याही खात्यात रक्कम जमा झाली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्याच्या नावे पडलीच पाहिजे. आकाशातून काही पडत नाही. गाडीच्या बाबतीतही तसेच आहे. दोन इंच उंची जमा झाली, तर ते दोन इंच कुणाच्या नावे पडले?

ठोकळा दोन ठिकाणी बसतो. काही गाड्यांत तो फक्त स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवतात आणि शॉक ॲब्सॉर्बर मूळचाच राहतो. तेव्हा गाडी वर जाते, पण शॉकची लांबी तेवढीच असल्यामुळे चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा कमी होते. खड्ड्यात चाक खाली गेले पाहिजे, ते मध्येच अडकते आणि धक्का वर येतो. खडबडीत वाटेवर चारही चाके जमिनीला चिकटून राहणे हेच तर खरे कौशल्य. नेमके तेच उणे होते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग आणि शॉक या सगळ्याच्या वर ठोकळा बसवतात. तिथे लोंबायची जागा शाबूत राहते, पण चाक पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागते. मग पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे कारखान्याने ठरवलेल्या कोनापेक्षा जास्त वळतात. त्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात, आतले ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते, आणि एक दिवस वळणावर कटकट आवाज सुरू होतो. ठोकळ्याच्या किमतीत हा खर्च लिहिलेला नसतो.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो भल्याभल्या मिस्त्रींच्या लक्षात येत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आडव्या दांडीच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो आणि चाक तिच्या टोकाला असते, तिथे तरफेचा नियम लागतो. मध्ये एक इंच घातला तर टोकाला जवळजवळ दोन इंच मिळतात. दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंचांचा ठोकळा कातून आणणारा गाडी तीन-चार इंच उचलून बसतो आणि मग ठोकळ्याला दोष देतो. आपण शाळेत शिकलेली तरफ अशी पुन्हा भेटते.

आता उंचीचा फायदा बघू. 'खाली दगड लागत होते, म्हणून उचलली,' असे सगळे सांगतात. जिप्सीसारख्या किंवा जुन्या जीपसारख्या गाडीत दोन चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल असतो आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शिअलचा गोल डबा. गाडीच्या पोटाखाली सर्वांत खालचा भाग बहुधा तोच. त्याची जमिनीपासूनची उंची टायरवर अवलंबून असते. स्प्रिंगवर हवे तेवढे ठोकळे रचा, तो डबा एक सूतही वर जात नाही. वर जाते ते फक्त धड. पोट आणि बंपर दगडापासून वाचतात हे खरे, चढाला भिडताना पुढचे नाक घासत नाही हेही खरे, आणि जंगलवाटांवर जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण 'आता कुठलाही दगड लागणार नाही' असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे.

आणि गुरुत्वमध्य? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००१ पासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्यावरून तारे द्यायला सुरुवात केली, त्यामागे एक साधा भागाकार होता. दोन चाकांमधले अंतर घ्या आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. उत्तर जितके मोठे, गाडी तितकी घट्ट. समजा, चाकांमधले अंतर दीड मीटर आहे आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर. उत्तर येते १. हीच गाडी चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर उचलली, तर उत्तर ०.९४. फक्त पुढून उचलली, तर गुरुत्वमध्य साधारण निम्माच चढतो आणि उत्तर ०.९७ च्या आसपास राहते. म्हणजे एकट्या ठोकळ्याने आकाश कोसळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ठोकळा एकटा येत नाही. त्याच्यामागून मोठे टायर येतात, टपावर लोखंडी कॅरिअर येतो, त्यावर तंबू आणि पाण्याचे कॅन येतात. कर्जबाजारी माणूस एका मोठ्या कर्जाने बुडताना मी क्वचितच पाहिला. तो लहान लहान पाच कर्जांनी बुडतो, आणि त्यातले प्रत्येक कर्ज वेगळे पाहिले तर क्षुल्लकच असते.

समोरच्याच्या डोळ्यांत

आतापर्यंतचे नुकसान ज्याचे त्याचे होते. सांधा गेला, टायर एका बाजूने झिजला, कंबर दुखली. हौसेला मोल असते, भरावे. पण या हिशेबात एक रक्कम अशी आहे की जी आपण खर्च करतो आणि भरतो मात्र दुसराच. ती म्हणजे दिव्यांचा झोत.

लो बीमचा झोत साधारणपणे शंभर सेंटिमीटर अंतराला एक सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. त्यामुळे उजेड रस्त्यावर पडतो, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडत नाही. आता थारची पुढची आणि मागची चाके यांच्यातले अंतर २४५० मिलिमीटर. पुढचा भाग ५० मिलिमीटर उचलला की सगळी गाडी शंभराला दोन या प्रमाणात मागे कलते. दिवे गाडीलाच पक्के असल्याने तेही कलतात. शंभराला एक खाली जाणारा झोत शंभराला एक वर जाऊ लागतो. पंचवीस मीटरवर तो पूर्वीपेक्षा अर्धा मीटर उंच पडतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाचे डोळे नेमके कुठे असतात, हे सांगायला नको.

रात्री घाटात किंवा दुभाजक नसलेल्या राज्यरस्त्यावर समोरून असा झोत आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी दुचाकी तीन सेकंदांत चाळीस मीटर पुढे जाते. चाळीस मीटर आंधळेपणाने! त्या दुचाकीवर पुढे टाकीवर एक मूल आणि मागे एक बाई बसलेली असते, हे आपल्या रस्त्यांवरचे रोजचे चित्र आहे. त्या कुटुंबाने कुठलेही किट विकत घेतलेले नाही, कुठल्याही खोक्यावरची सूचना वाचलेली नाही, आणि तरीही त्या दोन इंचांची किंमत त्यांच्या नावे पडते.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की हा दोष दूर करायला पैसे लागत नाहीत. दिव्यामागे झोत वरखाली करण्याचा स्क्रू असतो. सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करायची, ठोकळे बसवण्याआधी झोताची वरची कड जिथे पडते तिथे खडूची रेघ मारायची, ठोकळे बसवल्यावर तेवढ्याच अंतरावर पुन्हा उभी करून दिव्याची वाढलेली उंची तेवढी हिशेबात धरायची आणि झोत खाली आणायचा. वीस मिनिटांचे काम आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डवर छोटे चाकही असते, ते मागे ओझे भरल्यावर झोत खाली आणण्यासाठी दिलेले. मी चार गॅरेजांत चौकशी केली. ठोकळे बसवायला सगळे तयार होते, दिव्यांचा विषय एकानेही आपणहून काढला नाही. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून मिस्त्री सांगत नाही, आणि मिस्त्री सांगत नाही म्हणून गिऱ्हाइकाला ठाऊक नाही.

कायद्याच्या हातात मोजपट्टी

'मग यावर सरळ बंदी घाला,' असे म्हणणारे वाचक असतील. त्यांना सांगायला हवे की कागदावर ती जवळजवळ आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

परिणाम काय झाला? ठोकळे विकले जायचे थांबले नाहीत. फक्त व्यवहार पावतीशिवाय होऊ लागला. पावती नाही म्हणजे जबाबदारी नाही. ठोकळा कुठल्या मालाचा, किती भार सोसणारा, कुणी कातला, काही पत्ता नाही. तपासणीला न्यायच्या आधी ठोकळे काढायचे आणि परत आल्यावर बसवायचे, असाही उद्योग चालतो. विमा कंपनीला कळवायचे नाही, कारण कळवले तर बदल कबूल केल्यासारखे होईल; आणि अपघात झाला की तीच गोष्ट दाव्याच्या आड येऊ शकते. सरसकट मनाई आणि ढिली अंमलबजावणी यांचा संसार असाच होतो. त्यात सावधपणे, मापात काम करणारा आणि बेदरकारपणे चार इंच उचलणारा, दोघेही एकाच रांगेतले गुन्हेगार ठरतात. मग सावधपणा कुणी का करावा?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पिकअपचे नाक उंच आणि शेपटी खाली ठेवण्याची फॅशन फोफावली होती. चालकाला समोरचा रस्ताच दिसेना. २०२१ मध्ये तिथे कायदा झाला, आणि त्यात आकडा घातला गेला. पुढच्या चाकावरची कमान मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच असता कामा नये. पाठोपाठ व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसेच केले. चार इंच हा आकडा बरोबर की सैल, यावर वाद घालता येईल. पण तो मोजता येतो. हवालदाराला, मिस्त्रीला आणि मालकाला एकच टेप पुरते.

आपल्याकडेही वाट नाही असे नाही. कलम ५२ मध्ये २०१९ सालीच केंद्र सरकारला अशा बदलांसाठी मापे आणि अटी ठरवून देण्याची मुभा दिली गेली आहे. आणि अशी मान्यता देऊन बदल करू देण्याचा अनुभव आपल्याला सीएनजीमुळे चांगलाच आहे. पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवणे हे ठोकळ्यापेक्षा कितीतरी जोखमीचे. तरी मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, नोंदणीपुस्तकात नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, एवढ्या शिस्तीत ते काम चालते. गाड्यांची आणि सुट्या भागांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कातकाम आणि ओतकाम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. उंचीची एक मर्यादा ठरवावी, ठोकळ्याच्या मालाचा दर्जा ठरवावा, बसवल्यावर चाकांचे कोन आणि दिव्यांचा झोत तपासल्याचा दाखला घ्यावा आणि नोंदणीपुस्तकात एक ओळ लिहावी. मर्यादेपलीकडे गेला त्याला मग दंड करताना कुणाचा हात थरथरायला नको.

'म्हणजे आणखी एक खिडकी आणि तिच्याबाहेर आणखी एक एजंट,' असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. खिडकीच्या आतल्या बाजूला चौतीस वर्षे बसलेल्या माणसाला ते शिकवायची गरज नाही. पण कागद वाढला म्हणून त्रास होतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ज्या व्यवहाराचा कागदच नाही त्यात फसलेल्याला दाद मागायला जागा नसते. सावकारी आणि बँक यांतला फरक शेवटी कागदाचाच असतो.

घरच्यांनी काय विचारावे

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर हा प्रश्न घरात येऊन बसला आहे, आणि तो केवळ तरुण पोरांचा नाही. गाडीच्या कर्जावर बहुधा वडिलांची सही असते, गाडीत घरातले सगळे बसतात, आणि दोन इंचांनी वाढलेली पायरी सर्वांत आधी आजीच्या गुडघ्याला कळते. तेव्हा पुरवणी चाळणाऱ्या आईवडिलांना, मामा-काकांना माझी विनंती आहे की मुलाने किटचे खोके घरी आणले तर एकदम 'नको' म्हणू नका. 'नको' म्हटले की पावती लपते. त्यापेक्षा प्रश्न विचारा.

गाडी बसल्यासारखी दिसते, की खरोखर बसली आहे? जुन्या गाडीचे स्प्रिंग थकलेले असतील तर ठोकळा हा त्यावरचा उपाय नाही; स्प्रिंगच बदलले पाहिजेत. उंची मोजली का? सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, चारही चाकांशी, आधी रिकामी आणि मग सगळे कुटुंब व सामान भरून. भरल्यावर ती सरळ होत असेल तर काम तिथेच संपले, पैसे वाचले. ठोकळा किती इंचांचा आणि उंची किती इंचांची, या दोन्हींचे उत्तर मिस्त्रीने वेगवेगळे दिले का? रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार की जॅकवर लोंबकळत असताना? लोंबकळत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्यांची गाडी असेल तर जुनेच यू-बोल्ट परत लावणार की नवे? एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. स्टिअरिंगच्या पुढच्या ॲक्सलवर, पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालायचा विचार असेल तर तिथून गाडी सरळ घरी आणा. ब्रेक लागला की तो सरकू शकतो. ब्रेकचे रबरी पाइप पूर्ण लोंबलेल्या चाकाला पुरतात का? काही पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडी असते, ती ओझे ओळखून मागचा ब्रेक कमीजास्त करते. मागून गाडी उचलली तर तिला गाडी सदा रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ती दांडी जुळवून घेतली का? काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट कधी, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कधी आवळणार? आणि शेवटचा, पण माझ्या लेखी पहिला प्रश्न: दिवे कधी लावून घेणार?

एवढ्या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्या मुलाला गाडी कळते असे समजावे, आणि त्याच्या हौसेच्या आड येऊ नये. ज्याच्याकडे नाहीत त्यालाही ओरडू नये. त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये जाऊन बसावे. मिस्त्रीही घरचे वडीलधारे माणूस शेजारी बसलेले पाहिले की बोल्ट जरा जास्त मन लावून आवळतो. चहा तेवढा आपण पाजावा, आणि निघताना पावती मागून घ्यावी.